डावीकडे, आठव्या मणक्यापाशी

एनोरा कर्माडेक, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं दुआर्ननेच्या सार्डिन कारखान्यात उभी.
डोकं कापायचं, डब्यात निजवायचं, पुढचा मासा.
आज ती माझ्या टेबलावर पालथी आहे,
खिडकीबाहेर ओहोटी,
होड्या चिखलात कलंडल्यात
जणू त्यांचीही कंबर धरलीय.

मी आधी काहीच करत नाही.
नुसते हात ठेवते.
एवढं शिकायला मला सहा वर्षं लागली,
आणि याचे पंचावन्न युरो होतात
हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

भार किती द्यायचा?
ताटात पाणी आहे, हिंदकळू द्यायचं नाही,
इतकाच.
मग कातडी आपणहून वाट देते,
खाली स्नायू, ओल्या दोरखंडासारखे पिळलेले,
आणि त्यांच्याही तळाशी तो एकच कोन:
मान खाली, उजवा खांदा पुढे.
सुरी हातातून कधीच सुटली.
खांद्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

"दुखतंय पाठीत, आणि तू घोटा काय धरून बसलीस?"
छप्पर गळतं एकीकडे, एनोरा,
ओल फुटते भलत्याच भिंतीला.
लहानपणी धक्क्यावरून घसरली होतीस का?
"तुला कोणी सांगितलं?"
घोट्यानं.
तो वळत नाही म्हणून गुडघा वळतो,
गुडघ्याचं ओझं कमरेवर, कमरेचं मानेवर,
आणि मान सगळ्यांचं निमूट उचलते
थोरल्या बहिणीसारखी.

रेनला आमचे म्हातारे गुरुजी होते, ताल्लेक.
म्हणायचे, बरं करणारे तुम्ही कोण?
अडकलेलं दार तेवढं उघडा, आणि बाजूला व्हा.
हे मी अजून मानते.
ते असंही म्हणायचे की कवटीची हाडं
श्वासासारखी हलतात, शांत बसलं की कळतं.
वीस वर्षं मला कळत होतं.
मग एका शरदात मी आणि गिल्हेर्म, माझा शिकाऊ,
आळीपाळीनं एकाच डोक्याला हात लावून
मिनिटभर मोजत बसलो, कागदावर, एकमेकांना न दाखवता.
त्याचे आठ. माझे तेरा.
डोकं एकच होतं.
तो कागद मी फाडला नाही, ड्रॉवरमध्ये आहे.
तेव्हापासून कवटीला हात लावते
ते कुणाला रडायचं असेल तरच.

तर एनोराची पाठ.
डावीकडे, आठव्या मणक्यापाशी बोटं थांबली.
मणका हलत होता. स्नायूही मऊ होता.
दुखत मात्र तिथेच होतं, जणू आतून कुणी हाक मारावी.
"रात्री?"
"रात्रीच जास्त. कशीही निजले तरी.
आणि स्कर्ट सगळे सैल झालेत बघ, फुकटात बारीक झाले!"
ती हसली. टेबल तिच्याबरोबर हललं.
मी हात काढून घेतले.

हाडांचं दुखणं कूस बदलली की थोडं तरी ऐकतं.
हे ऐकत नव्हतं.
हा गुंता माझा नाही, एवढं कळणं
हीसुद्धा हातांचीच विद्या,
पण पाटीवर लिहिता येत नाही.

मी चिठ्ठी लिहिली: कँपेरचं इस्पितळ, पोटाचं स्कॅन, याच आठवड्यात.
तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.
"म्हणजे आज तू काहीच केलं नाहीस?"
नाही.
"मग पैसे नाही देणार."
नको देऊस.
बूट हातात घेऊन ती बसून राहिली.
मग पाय पुढे केला.
"आलेच आहे, तर घोटा तरी सोडव."

सोडवला.
आत काहीतरी बारीक वाजलं, कवच फुटल्यासारखं.
पायऱ्या ती उतरली सरळ, एकेक,
नेहमीसारखी आडवी होऊन, कठड्याला लोंबकळत नाही.
खाली पोचल्यावर वर बघून ओरडली,
"बघ!"

मी हात केला.
दुसऱ्या हातात फोन,
त्यात इस्पितळाची वाट पाहायची धून,
तळवे अजून गरम.